अमेरिकेतील बंदूकबळींचे आकडे : मोजणीमागचा इतिहास

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मरण पावली, या आकड्याबद्दल फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो त्याची फोड करायला घेतल्यावर. यांपैकी २६,३२८ मृत्यू आत्महत्येचे होते आणि २०,९५८ हत्येचे. आपल्याकडे ही बेरीज 'गोळीबाराचे बळी' या मथळ्याखाली छापली जाते आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर शाळेत शिरलेला माथेफिरू उभा राहतो. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक माणसांनी स्वतःवरच गोळी झाडून घेतलेली असते.

हे आकडे सीडीसी ही अमेरिकी सरकारची आरोग्यसंस्था मृत्यूच्या दाखल्यांवरून काढते. एफबीआय ही केंद्रीय तपाससंस्था १९३०पासून गुन्ह्यांची वेगळी मोजणी करते, पण ती स्थानिक पोलिसांनी स्वेच्छेने पाठवलेल्या माहितीवर चालते. २०२१मध्ये तिने फक्त नव्या नोंदणीपद्धतीनुसार आलेलीच माहिती स्वीकारली, तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन्ही महानगरांच्या पोलिसांची माहिती त्या वर्षीच्या संकलनात आलीच नाही.

मोजणी झाली तरी कारणे शोधण्याचे काम मात्र दोन दशकांहून अधिक काळ रखडले. १९९३मध्ये आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीडीसीच्या निधीतून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात बंदूक असेल तर त्या घरात हत्या होण्याचा धोका सुमारे २.७ पट आढळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्यांना आधीच जिवाची भीती असते तेच बंदूक विकत घेतात, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त होता आणि त्याचे उत्तर आणखी संशोधनातूनच मिळाले असते. घडले उलटेच. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकसमर्थकांच्या संघटनेच्या दबावानंतर १९९६मध्ये अर्कान्सॉ राज्यातून अमेरिकी संसदेत निवडून आलेले प्रतिनिधी जे डिकी यांच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद अर्थसंकल्पी विधेयकात आली: सीडीसीचा पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी वापरता येणार नाही. संशोधनावर तिने शब्दशः बंदी घातली नव्हती. पण या विषयावर आदल्या वर्षी जेवढा खर्च झाला होता तेवढीच, म्हणजे २६ लाख डॉलरची, रक्कम संस्थेच्या निधीतून या कामासाठी नाहीशी झाल्यावर अधिकाऱ्यांनी घ्यायचा तो बोध घेतला. पुढे खुद्द डिकी यांचे मत बदलले आणि ज्यांच्या कामाला त्यांनी विरोध केला होता त्या सीडीसीतील या संशोधनाचे तेव्हाचे प्रमुख मार्क रोझेनबर्ग यांच्यासह २०१२मध्ये त्यांनी संशोधनाच्या बाजूने लेख लिहिला. या विषयासाठी स्वतंत्र निधी, २.५ कोटी डॉलर, मंजूर झाला तो थेट डिसेंबर २०१९मध्ये. तोवर डिकी हयात नव्हते.

दरम्यान दुसऱ्या बाजूचाही एक आकडा रूढ झाला: अमेरिकी नागरिक वर्षाला सुमारे २५ लाख वेळा स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरतात. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५मध्ये जवळपास पाच हजार जणांच्या दूरध्वनी सर्वेक्षणावरून तो मांडला. त्यांपैकी साधारण सव्वा टक्का लोकांनी 'हो' म्हटले होते आणि तेच प्रमाण सगळ्या प्रौढ लोकसंख्येला लावले गेले. इतक्या विरळ घटनेच्या बाबतीत शंभरातल्या एकानेही चुकून किंवा फुशारकीने होकार दिला तरी अंदाज कित्येक पटींनी फुगतो. सरकारी गुन्हेपीडित सर्वेक्षणात गुन्हा घडल्याचे सांगणाऱ्यांनाच हा प्रश्न विचारला जातो आणि तिथे उत्तर लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी येते; अर्थात, जो गुन्हा सांगितलाच गेला नाही तो त्यातून निसटतो.

सामूहिक गोळीबाराच्या बाबतीत तर व्याख्याच आकडा ठरवते. गन व्हायोलन्स आर्काइव्ह ही संस्था हल्लेखोर वगळून चार किंवा अधिक जणांना गोळी लागली की घटना मोजते, मग कोणी मेले असो वा नसो. या हिशेबाने २०२१मधील मृत ७०६. एफबीआय लोकवस्तीत माणसे मारत सुटलेल्या 'सक्रिय हल्लेखोरा'च्याच घटना धरते आणि टोळीयुद्धे वगळते. तिच्या हिशेबाने मृत १०३. वर्ष एकच, देश एकच.

सुरुवातीचा ४८,८३० हा आकडा त्या वेळी 'आजवरचा उच्चांक' म्हणून गाजला. संख्या म्हणून ते खरेच होते. पण लोकसंख्या वाढलेली असल्यामुळे दर लाखामागे हे प्रमाण १४.६ भरते, आणि १९७४मध्ये ते १६.३ होते.