बाजारमूल्य वजा पुस्तकी मूल्य म्हणजे बौद्धिक भांडवल? नाही!

कंपनीच्या सगळ्या शेअर्सची बाजारातली किंमत घ्या, त्यातून ताळेबंदातलं निव्वळ मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारं पुस्तकी मूल्य, वजा करा. उरलं ते बौद्धिक भांडवल, म्हणजे माणसांचं ज्ञान, ब्रँड, ग्राहक अशी हाताला न लागणारी संपत्ती. हे सूत्र वर्षानुवर्षं फिरतंय. सोपं आहे, म्हणूनच फिरतंय.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. मग त्या संध्याकाळी त्या कंपन्यांतले इंजिनिअर आपलं पाव ज्ञान विसरून घरी गेले का? सुटला तो बाजाराचा धीर.

वजाबाकीतली दुसरी संख्याही कच्चीच. ४० वर्षांपूर्वी घेतलेली जमीन हिशेबात बहुधा खरेदीच्याच भावाने पडून असते. म्हणजे फरकात जमिनीची दरवाढही आली, आणि तिला ‘ज्ञान’ म्हणून आपण मोकळे!

मग हे भांडवल थेट ताळेबंदातच का लिहीत नाहीत? आंतरराष्ट्रीय लेखामानक ३८ नुसार कंपनीने स्वतः घडवलेला ब्रँड किंवा ग्राहकयादी मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, कारण त्यांचा खर्च एकूण धंदा वाढवण्याच्या खर्चातून वेगळा काढता येत नाही. तोच ब्रँड दुसऱ्या कंपनीने विकत घेतला की मात्र तिच्या ताळेबंदात झळकतो. वस्तू तीच, फक्त पावती आली.

माणसांचं तर आणखी अवघड. ती कंपनीच्या मालकीची नसतात; राजीनामा कधीही टेबलावर येऊ शकतो.

स्वीडनच्या स्कांडिया या विमा कंपनीने १९९४ च्या वार्षिक अहवालाला बौद्धिक भांडवलाची पुरवणी जोडली. तिच्यात ग्राहक, कामाच्या पद्धती, कर्मचारी यांचे निर्देशक वेगवेगळे होते. दोन कंपन्यांची तुलना त्यातून धड होत नाही, पण एकाच गुबगुबीत आकड्यापेक्षा मला ते प्रामाणिक वाटतं.