सेन्सर बसवला म्हणजे गळती दिसली?

"गावच्या पाण्याच्या टाकीला सेन्सर बसवले की पाइप कुठं फुटली ते ऑफिसातल्या स्क्रीनवर लगेच दिसतं," असं म्हटलं जातं. तसं वाटणं साहजिक आहे. पण सेन्सर मोजतो पातळी, प्रवाह आणि दाब. फुटलेली जागा नाही. गळतीचा अंदाज रात्री 2 ते 4 च्या प्रवाहावरून बांधतात: गाव झोपलंय, तरी पाणी वाहतंय, म्हणजे कुठंतरी मुरतंय. (पाणी ठरावीक वेळीच सुटत असेल, तर हा हिशेब बसत नाही.) नुसता दाब कमी म्हणजेही गळती नव्हे, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या बाजूला चढावर दर 10 मीटरला सुमारे 1 बार दाब घटतोच.

घरी पडताळायचंय? पाणी आलेलं असताना सगळे नळ आणि टाकीचा कॉक बंद करा. तरी मीटर फिरतोय? मग गळती मीटरनंतरच्या, तुमच्याच पाइपात आहे.