पालकत्वाच्या इच्छेचे मापन (लैंगिकता व लिंगभावातील वैविध्य)

मूल असावे, आपण त्याचे पालक व्हावे ही ओढ एखाद्या व्यक्तीला किती आहे, हे प्रश्नावली, मापनश्रेणी किंवा मुलाखतीद्वारे अजमावण्याची पद्धत. लोकसंख्याशास्त्र व मानसशास्त्र या दोन्ही शाखांत ती रूढ आहे. जुनी साधने मुख्यतः स्त्री-पुरुष जोडपी डोळ्यांसमोर ठेवून घडली. समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असलेल्या) वा नॉन-बायनरी (स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणाऱ्या) व्यक्तींना ती जशीच्या तशी लावली की उत्तरे फसवी ठरू शकतात.

सर्वांत मोठा घोळ इच्छा आणि इरादा यांच्या सरमिसळीतून होतो. संशोधक वॉरेन मिलर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या चौकटीत स्वभावगत प्रेरणा, इच्छा, इरादा आणि वर्तन या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. इच्छेला परिस्थितीची आडकाठी नसते. इरादा मात्र पैसा, जोडीदार आणि कायदा यांचा हिशेब करून ठरतो. संशोधक रिस्किंड व पॅटरसन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे मूल नसलेल्या व्यक्तींची तुलना केली. मूल हवे म्हणणाऱ्या समलिंगी पुरुषांत तसा इरादा असणारे, त्यांच्यासारख्याच भिन्नलिंगी पुरुषांपेक्षा कमी निघाले. समलिंगी स्त्रियांत ही गळती तशी दिसली नाही. केवळ इरादाच विचारला असता, तर हा सगळा फरक ‘हौसच नाही’ या खात्यावर जमा झाला असता.

प्रश्नाची शब्दयोजनाही निर्णायक असते. ‘तुम्हाला मूल व्हावे असे वाटते का?’ या एका प्रश्नात ट्रान्स पुरुषासाठी (जन्मावेळी स्त्री म्हणून नोंद झालेल्या, पण पुरुष असलेल्या व्यक्तीसाठी) तीन प्रश्न दडलेले असतात: गर्भ स्वतः वाढवायचा का, मूल आपल्याच बीजाचे हवे का, आणि मूल वाढवायचे का. पहिल्याला ठाम नकार देणारा तिसऱ्याला आनंदाने होकार देऊ शकतो. म्हणून हे पैलू सुटे विचारावेत. दत्तक, सरोगसी, दात्याचे बीज हे मार्गही वेगळे नोंदवावेत. ‘झाले तर झाले’ हा पर्यायही सर्वांना सारखा लागू पडत नाही, कारण समलिंगी जोडप्याला मूल सहसा नकळत होत नाही.

प्रश्नावलीत वेगवेगळ्या गटांना मिळालेल्या समान गुणांचा अर्थही समान आहे का, हे मापन-समतुल्यतेच्या चाचणीने तपासतात. त्यासाठी पुरेसा मोठा नमुना लागतो, आणि नेमका तोच दुर्मीळ. मग सगळ्यांना एकाच गटात कोंबले जाते व उभयलिंगी व्यक्तींचे वेगळेपण झाकले जाते.

उत्तर कोणत्या काळात दिले, हेही पाहावे लागते. स्वीडनमध्ये कायदेशीर लिंगबदलासाठी २०१३ पर्यंत नसबंदीची अट होती. अशा अटीखाली आलेला ‘नको’ हा इच्छेचा अभाव म्हणून मोजता येत नाही.