अनलीश्ड इन द ईस्ट

जुडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा पहिला थेट-मैफलीचा अल्बम. ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९७९ मध्ये टोकियोतील कोसेई नेनकिन हॉल आणि नाकानो सनप्लाझा या सभागृहांत झाले. १० आणि १५ फेब्रुवारी या तारखा सामान्यतः दिल्या जातात. प्रकाशन सप्टेंबर १९७९, सीबीएस कंपनी. निर्माते टॉम ॲलम. बँडबरोबरचे त्यांचे हे पहिलेच काम असून पुढचा ‘ब्रिटिश स्टील’ (१९८०) त्यांनीच केला. वादक : रॉब हॅलफोर्ड (गायन), के. के. डाउनिंग आणि ग्लेन टिप्टन (गिटार), इयन हिल (बेस), लेस बिंक्स (ड्रम).

मूळ तबकडीवर नऊ गाणी, एकूण सुमारे ४५ मिनिटे. पहिल्या बाजूला ‘एक्सायटर’, ‘रनिंग वाइल्ड’, ‘सिनर’, ‘द रिपर’ आणि ‘द ग्रीन मनालिशी’. दुसऱ्या बाजूला ‘डायमंड्स अँड रस्ट’, ‘व्हिक्टिम ऑफ चेंजेस’, ‘जेनोसाइड’ आणि ‘टायरंट’. यांतील ‘द ग्रीन मनालिशी’ फ्लीटवूड मॅक या बँडच्या पीटर ग्रीन यांचे, तर ‘डायमंड्स अँड रस्ट’ गायिका जोन बाएझ यांचे. निवडीत ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ (१९७६) या अल्बमचा वाटा सर्वांत मोठा, चार गाण्यांचा आहे. तो गल या छोट्या कंपनीकडे निघाला होता. सीबीएसच्या नावाखाली ती गाणी येथे प्रथमच मिळाली.

मूळ अल्बमांत ड्रमवादक वेगवेगळे होते : ‘सॅड विंग्ज’वर ॲलन मूर, ‘सिन आफ्टर सिन’वर (१९७७) सायमन फिलिप्स. येथे सगळ्या गाण्यांवर ड्रमवादन बिंक्स यांचेच आहे. त्यामुळे ‘टायरंट’ आणि ‘जेनोसाइड’ यांना मूळ मुद्रणात नसलेला वेग व वजन लाभते. गाण्यांची तुलना करणाऱ्याने सुरुवात येथून करावी.

गायनाचा वाद. अल्बम कितपत ‘थेट’ आहे, हा प्रश्न जुना आहे. ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’ हे टोपणनाव त्यातूनच पडले. गायनाचा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा गायला गेला, हे हॅलफोर्ड यांनी पुढे मुलाखतींत मान्य केले. वाद्ये मात्र मैफलीतीलच असल्याचे बँडने सातत्याने सांगितले आहे. कारणाबाबत एकवाक्यता नाही. काही ठिकाणी हॅलफोर्ड यांचे आजारपण, काही ठिकाणी आवाजाचे बिघडलेले मुद्रण असे कारण दिलेले आढळते. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

वाद समजण्यासाठी मुद्रणाची रीत माहीत हवी. मंचावरच्या प्रत्येक मायक्रोफोनचा संकेत दोन वाटांनी जातो : एक सभागृहाच्या ध्वनिक्षेपकांकडे, दुसरा बहुपट्टी टेपयंत्राकडे. आवाज, ड्रम, गिटार वेगळ्या पट्ट्यांवर पडतात; म्हणून एक पट्टी पुसून नवी भरता येते. अडचण गळतीची, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनात शिरण्याची. गायकाचा आवाज मंचावरच्या मॉनिटरांतून (वादकांना ऐकू यावे म्हणून त्यांच्याकडे वळवलेल्या ध्वनिक्षेपकांतून) ड्रमवर टांगलेल्या मायक्रोफोनांत शिरतो आणि प्रेक्षकांसाठीच्या मायक्रोफोनांत तर पूर्ण उतरतो. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. मंचापासून ३० मीटरवरच्या मायक्रोफोनात आवाज जवळजवळ ९० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. नवे गायन जुन्याशी तंतोतंत जुळले नाही, तर ही गळती मागून दुसऱ्या गायकासारखी ऐकू येते. नेहमीचा उपाय : गाणे चालू असताना प्रेक्षकांच्या पट्ट्या खाली ठेवायच्या आणि गाणे संपताच वर आणायच्या.

या अल्बममध्ये गाण्यांच्या मधल्या जागांत गर्दी मोठी आणि गाण्यात मागे पडलेली ऐकू येते. संशयाला मुख्य आधार हाच. पण तेवढा पुरावा पुरेसा नाही. सगळ्या पट्ट्यांचे मिश्रण स्वच्छ राहावे म्हणून गायन न बदलताही तंत्रज्ञ तेच करतात. अधिक बोलके लक्षण म्हणजे आवाजाची पातळी. मंचावर धावणाऱ्या गायकाचे मायक्रोफोनपासूनचे अंतर बदलते, श्वास तुटतो, उंच स्वर अधूनमधून घसरतो. येथे ‘व्हिक्टिम ऑफ चेंजेस’च्या शेवटच्या किंकाळीपर्यंत स्वर भरीव आहे. म्हणून हॅलफोर्ड यांचा कबुलीजबाब आणि वाद्यांबाबत बँडची भूमिका, दोन्ही एकत्र ग्राह्य धरणे रास्त. दोन गिटारींचे सामायिक सूर आणि ड्रमची गती यांत तुकडे जोडल्याच्या स्पष्ट खुणा कानाला सापडत नाहीत, आणि अल्बमचे मोल मुख्यतः तेथेच आहे.

आवृत्त्या. जपानमध्ये हा अल्बम ‘प्रीस्ट इन द ईस्ट’ या नावाने, चार जादा गाण्यांसह निघाला : ‘रॉक फॉरएव्हर’, ‘डिलिव्हरिंग द गुड्स’, ‘हेल बेंट फॉर लेदर’ आणि ‘स्टारब्रेकर’. २००१ च्या पुनर्संस्कारित (रीमास्टर्ड) सीडीत ही चारही मूळ नऊ गाण्यांनंतर जोडलेली आहेत. तबकडीची रचना ऐकायची असल्यास ‘टायरंट’पाशी थांबावे.

ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत अल्बम १० व्या, अमेरिकेत ७० व्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत पुढे त्याला विक्रीबद्दलचे प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले. प्रकाशनापूर्वीच बिंक्स बँडमधून बाहेर पडले. या अल्बमच्या मोबदल्यावरून मतभेद झाल्याचे त्यांनी नंतर सांगितले आहे. त्यांच्या जागी ट्रपीझ बँडमधील डेव्ह हॉलंड आले.