शेतातली गारगोटी, अंगठीतला हिरा

सोलापूरच्या आसपास विहीर खणायला घेतली की लवकरच काळा कातळ लागतो. त्याच्या पोकळीत कधी चकाकती गारगोटी सापडते आणि पोरं ती हिरा समजून खिशात घालतात. मीही लहानपणी घातली होती. रत्नांशी तिचं नातं मात्र खरंच आहे.

हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा पोकळ राहिल्या. त्यांत पाणी झिरपलं, पाण्यातली सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, थरांनी साचली आणि पट्टेदार अकीक तयार झाला. याच गारगोटीत लोहाचा अंश असला आणि भोवतालच्या खडकातला नैसर्गिक किरणोत्सार लाभला, की जांभळा जमुनिया होतो.

हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, पेन्सिलीच्या शिशातल्या ग्रॅफाइटसारखाच. पण तो घडायला साधारण १५० किलोमीटर खोलीवरचा दाब लागतो, आणि वर यायला तितक्या खोलातून वेगाने उसळणारा किंबरलाइट नावाचा शिलारस. आपल्या कातळात म्हणून हिरा मिळायचा नाही. आपल्या भीमेचं पाणी कृष्णेतून पुढे आंध्रात जातं, तिथे कोल्लूरला नदीकाठच्या खडीत मात्र हिरे निघत. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला ते मुख्यतः भारतातूनच मिळत.

सराफाकडे गेलात तर माणिक आणि नीलम शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकच खनिज, कुरुंद! शुद्ध कुरुंद बिनरंगी असतो. चिमूटभर क्रोमियम मिसळलं की माणिक, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की नीलम. तेच क्रोमियम बेरिल नावाच्या खनिजात शिरलं की हिरवागार पाचू. मला रत्नशास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

खरा हिरा ऐरणीवर घणाने फुटत नाही, ही जुनी समजूत. कृपा करून ही परीक्षा घेऊ नका. काठिण्य मोजणाऱ्या मोहसच्या मापावर हिरा १०, कुरुंद ९, गारगोटी ७. पण हे माप ओरखड्याचं आहे, घावाचं नाही. ठरावीक दिशेने घाव बसला तर हिरा सरळ दुभंगतो.

मोती तर शिंपल्यातल्या जिवाने घडवलेला, काठिण्य जेमतेम ३ च्या आसपास. उन्हाळ्यातल्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. म्हणून लग्नाहून आल्यावर नथ कोरड्या पदराने घासू नका. ओल्या मऊ फडक्याने हलकेच टिपा.