घोटून गुळगुळीत केलेलं बाहेरचं काँक्रीट जास्त टिकतं का?
अंगणातलं काँक्रीट स्टीलच्या थापीने आरशासारखं घोटायचं, वर कोरडं सिमेंट भुरभुरायचं, म्हणजे ते पक्कं होतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. बाहेरच्या कामात घडतं नेमकं उलट.

ओतलेल्या काँक्रीटमधलं जादा पाणी हळूहळू वर येतं. ते उडून जाण्याआधीच थापी फिरवली की वरचा थर बंद होतो, पाणी आणि हवा त्याखाली अडकतात आणि पुढे तिथूनच पापुद्रे सुटतात. पाणी परत आत घोटलं गेलं तर पृष्ठभाग कमजोर होऊन धूळ सुटते. कोरड्या सिमेंटमुळे बारीक भेगांचं जाळं पडतं. शिवाय पावसात असा पृष्ठभाग घसरडा होतो, आणि वयस्कर माणसाचं पडणं ही साधी गोष्ट नाही!

म्हणून पाट्याने, म्हणजे लांब सरळ फळीने, पातळी केल्यावर लगेच लाकडी रंधा (गवंड्याची मुठीची सपाट फळी) फिरवावा आणि थांबावं. हे थांबणंच सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याची चकाकी गेली की पुन्हा रंधा. मॅग्नेशियम धातूचा फ्लोट, म्हणजे तसाच धातूचा रंधाही चालतो. शेवटी ओलसर झाडू चालण्याच्या दिशेला आडवा, एकाच बाजूने ओढावा. स्टीलची थापी घराच्या आतल्या जमिनीसाठी राखून ठेवा. पक्केपणा येतो तो मिश्रणात पाणी बेताचं ठेवल्याने आणि निदान 7 दिवस काँक्रीट ओलं राखल्याने.