हिवाळी आच्छादन पिके

मुख्य पीक निघाल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत, हिवाळ्यात रान उघडे पडू नये म्हणून घेतलेली पिके. ती विकायची नसतात. बहुधा दाणा भरण्याआधीच मोडली जातात. समशीतोष्ण देशांत मका-सोयाबीन शरदात निघते आणि एप्रिल-मेपर्यंत जमीन रिकामी असते. या काळात पाऊस आणि वितळणारा बर्फ माती धुऊन नेतो, शिवाय पिकाने न उचललेले नायट्रेट (नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप) मुळांच्या आवाक्याखाली झिरपते.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात ही पद्धत रुजली ती मुख्यतः या नत्रापायी. तिथले शेतांतले पाणी भूजल आणि ओढ्यांवाटे चेसापीक उपसागराला मिळते. नत्रामुळे शेवाळ माजते आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. म्हणून राज्य सरकार आच्छादन पिकाला एकरी अनुदान देते, लवकर पेरणाऱ्याला जादा. हा भेद रास्तच आहे. सप्टेंबरअखेर पेरलेली राय (गव्हासारखे तृणधान्य, मोहरी नव्हे) थंडीपूर्वी मुळे पसरून नत्र उचलते. नोव्हेंबरातली नुसती तग धरते. वेळ गाठण्यासाठी काही जण उभ्या पिकातच विमानाने बी फोकतात.

राय हे तृणधान्य सर्वांत भरवशाचे, कारण ते जेमतेम गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही उगवते. हेअरी व्हेच आणि किरमिजी क्लोव्हर ही द्विदल पिके हवेतला नत्र बांधतात. ओट आणि लांब मुळा कडाक्याच्या थंडीत आपसूक मरतात. मुळा कुजला की जमिनीत त्याच्या आकाराची भोके राहतात आणि वसंतातले पाणी त्यांतून मुरते.

खरे कसब मोडणीत आहे. तणनाशक किंवा नांगर हे नेहमीचे मार्ग. तिसरा मार्ग आडव्या पात्यांच्या जड रुळाचा: तो ताटे कापत नाही, ठिकठिकाणी चेचून आडवी करतो आणि त्या गादीतच सोयाबीन पेरतात. राय फुलोऱ्यात येण्याआधी रूळ फिरवला तर ती पुन्हा उभी राहते. फार जून होऊ दिली तर काडात कर्ब जास्त, नत्र कमी. कुजवणारे जिवाणू जमिनीतलाच नत्र वापरतात आणि मागून पेरलेला मका पिवळा पडतो. कोरड्या वसंतात हेच पीक ओलही पिऊन टाकते. अमेरिकेत आच्छादन पिकांखालचे क्षेत्र 2012 मध्ये सुमारे 1.03 कोटी एकर होते, 2022 मध्ये सुमारे 1.8 कोटी, तरी एकूण लागवडीच्या मानाने ते थोडेच. बियाण्याचा खर्च आणि उत्पादन घटण्याची धास्ती अनुदानानेही पुरती जात नाही.

महाराष्ट्रात हिवाळा हा रिकामा काळ नव्हे, रब्बीचा हंगाम आहे. इथे उलटा प्रकार दिसतो. सोलापूरकडच्या भारी काळ्या जमिनी रब्बी ज्वारीसाठी खरिपात पडीक ठेवून कुळवाच्या पाळ्या देण्याची रीत आहे, म्हणजे रान उघडे असते ते नेमके पावसाळ्यात. तिथे आच्छादनाचे काम ताग, मूग, उडीद करू शकतात. ताग साधारण दीड महिन्यात, फुलोऱ्यावर येताना गाडतात. मात्र त्यानंतर पावसाने दडी मारली तर तो नीट कुजत नाही आणि ज्वारीची ओलही हातची जाते.